आक्कांचा नेम, आमचा चार्ट

“सिस्टर, तुम्ही घरी जाऊन नक्की समजावता काय?”

सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, हे मला भरल्या ओपीडीत विचारलं. बाकांवर पंधरा-वीस माणसं. समोर भरतेश उभा, निपाणीपलीकडच्या खेड्यातला शेतकरी, हातात आईचा औषधांचा चार्ट. आई म्हणजे सुमतीआक्का. वय सत्तरीच्या आसपास, कॅन्सर हाडांत उतरलेला. तो आता बरा होणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आक्कांनाही. आमचं काम एवढंच, की त्यांना दुखू द्यायचं नाही. दोन महिने झाले, तेवढंच जमत नव्हतं.

“पहाटे लई कण्हत्यात,” भरतेश म्हणाला. “दिवसा कायतरी बरं असतंय. पर पहाटे बघवत न्हाय.”

मी बेळगावात पेन क्लिनिकची नर्स आहे. राहते अनगोळात, माहेर खानापूरकडचं. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. त्यातली शेवटची नऊ ह्याच कामात, म्हणजे ज्यांना दवाखान्यात येणं होत नाही त्यांच्या घरी जाऊन औषध देणं आणि ते कसं घ्यायचं हे घरच्यांना शिकवणं. आक्कांच्या घरी पहिल्या भेटीत मी दीड तास बसले होते. मराठीत सांगितलं, कन्नडमध्ये सांगितलं. आणि आता हे मला चारचौघांत विचारतायत की समजावता काय. तळपायाची आग मस्तकात गेली. “समजावलंय सर,” एवढंच म्हणाले.

काय समजावलं होतं ते तुम्हालाही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अशा दुखण्यावर आम्ही मॉर्फिनची गोळी देतो. नाव ऐकून लोक घाबरतात, घाबरायचं कारण नाही. तिचा असर चार तास राहतो, म्हणून ती घड्याळ बघून घ्यायची. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. दुखण्याच्या पुढं राहायचं, मागनं धावायचं नाही, हे माझं पाठ झालेलं वाक्य. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, एकेक गोळी. रात्री दहाला दोन, म्हणजे मध्ये उठायला नको. दिवसाच्या सहा. प्रत्येक गोळीपुढं चार्टवर घरच्यांनी टिक करायची आणि रिकाम्या स्ट्रिपा परत आणून द्यायच्या, कारण ह्या गोळ्यांचा हिशेब सरकारला द्यावा लागतो.

आक्कांचा चार्ट तर नमुना म्हणून भिंतीवर लावावा असा. एक टिक चुकलेली नाही. स्ट्रिपा सगळ्या परत. तरी पहाटेचं दुखणं तसंच. म्हणून सरांनी गोळीची ताकद एकदा वाढवली, महिन्यानं परत वाढवली.

“एवढ्या डोसवर बाई अजून दुखतंय म्हणते,” सर चार्ट उलटसुलट करत म्हणाले. “आणि झोपूनही राहात नाही. टॉलरन्स जबरदस्त आहे. आता पॅच लावू.”

पॅच म्हणजे औषधाची चिकटपट्टी. दंडावर नाहीतर छातीवर लावायची. कातडीतून औषध हळूहळू रक्तात जातं, तीन दिवस पुरतं. मॉर्फिनपेक्षा कितीतरी जोरकस असतं ते. म्हणून आधी पेशंट दिवसाला किती मॉर्फिन पचवतो ते बघायचं, त्यावरून पॅचचा आकार ठरवायचा. ह्याला आम्ही कन्व्हर्जन म्हणतो. सरांनी चार्टावरच्या टिका मोजल्या, कॅल्क्युलेटर काढला, गणित केलं आणि मोठा पॅच लिहिला. लहान पॅच लावायची गरजच नव्हती म्हणे, शरीराला सवय झालेली आहे.

“उद्या तुम्हीच जाऊन लावा. आणि सिस्टर, ह्या वेळी नीट समजावा.”

नीट. हा शब्द मी दुसऱ्या दिवशी संकेश्वरपर्यंत चघळत होते. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, चहा घ्यायचा काय, तर त्याच्यावरही खेकसले. त्याचा काय दोष होता?

वाटेत एक पेशंट होता, तिथं वेळ गेला. आक्कांच्या दारात पोचले तेव्हा साडेचार वाजले होते. थंडीचे दिवस, ऊन उतरायला लागलेलं. घर मोठं, स्वच्छ, मागं तंबाखूचं रान. आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर शाल. सून पद्मा त्यांच्या पायाला तेल लावत होती.

“या सिस्टर. लांबनं आलासा. पद्मा, पानी दे गं त्यास्नी.”

“कसं काय आक्का? आत्ता दुखणं दहापैकी किती?”

हाही आमच्या धंद्यातला प्रश्न. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जीव जाईल असं. आक्का हसल्या. “आत्ता पाच म्हना.”

“आणि पहाटे?”

पद्मानं खालमानेनं सांगितलं, “नऊ. न्हायतर धाच.”

मी पॅच बाहेर काढला. लावायच्या आधी बघायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. श्वास मोजायचा, डोळ्यांत टॉर्च मारायची. मॉर्फिन भरपूर पोटात असलेल्या माणसाची बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. आक्कांची तशी नव्हती. चांगली तुमच्या-आमच्यासारखी होती. मी परत टॉर्च मारली. तशीच.

“आक्का, परसाकडं होतं काय?”

“रोज होतंय की.”

“जुलाबाची गोळी दिली होती, ती घेऊन?”

“ती मी घेतच न्हाय. गरज काय?”

माझा हात थांबला. मॉर्फिननं पोट बांधतं. थोड्यांचं नाही, जवळजवळ सगळ्यांचं. एवढ्या डोसवर जुलाबाच्या गोळीशिवाय रोज पोट साफ होणारा माणूस मी नऊ वर्षांत बघितलेला नाही. हे मी आधी दोन भेटींत का विचारलं नव्हतं? विचारलं होतं. “पोटाचं ठीक?” असं. त्या “ठीक” म्हणाल्या आणि मी कागदावर ठीक लिहून मोकळी झाले होते. डोळे असून आंधळी, दुसरं काय.

तेवढ्यात आतनं पद्मानं ताट आणलं. “आत्ती, बसा. ऊन जाईल आता.”

पाच वाजले होते. भाकरी, मुगाची आमटी, दुधाची वाटी, तांब्याभर पाणी. ताटाच्या कडेला एक पांढरी गोळी. आक्का सावकाश जेवल्या. गोळी घेतली, तांब्यातलं पाणी सगळं संपवलं, चूळ भरली. पद्मा आणखी वाढायला लागली तर ताटावर हात आडवा धरून “साकु” म्हणाल्या, म्हणजे कन्नडमध्ये पुरे. मग हात जोडून डोळे मिटले.

मी म्हटलं, “आक्का, सहाची गोळी आत्ता पाचलाच घेतली? मग दहाच्या दोन घेताना जरा...”

“आता न्हाय, सिस्टर.”

“म्हंजे?”

“आता तोंडात काय जायचं न्हाय. नेम हाय माझा. अन्न-पानी दिवसातनं दोनदा. सकाळी धाला, आनि आत्ता. सूर्य बुडल्यावर थेंब न्हाय.”

“कधीपासून?”

“मालक गेलं तवापासनं. बारा-तेरा वर्सं झाली असतील. मुनिमहाराज बस्तीत, आमच्या देवळात, आलते, त्यांच्यासमोर घेतला.”

म्हणजे दिवसाच्या सहा गोळ्यांतल्या पोटात जात होत्या दोन. दहाला एक, पाचला एक. पाचच्या गोळीचा असर नऊपर्यंत. तिथून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत, तेरा तास, हाडांतला कॅन्सर घेऊन ही बाई कोरडी पडून असायची. आणि आम्ही बेळगावात बसून म्हणत होतो टॉलरन्स जबरदस्त आहे.

आता मला सांगा, ह्यात लपवलेलं काय होतं? जैन घर. ह्या पट्ट्यात गल्लीगल्लीला जैन घरं. दिवेलागणीच्या आत जेवतात हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत. मलाही माहीत. आक्का पहिल्यांदा ओपीडीत आल्या तेव्हा कॅन्टीनवाल्यानं न विचारता कांदा-लसूण वगळून डबा दिला होता. कॅन्टीनवाल्याला कळलं आणि आम्ही, दुखण्याचे जाणकार म्हणवणारे, रात्री दहाला दोन गोळ्या लिहून दिल्या.

मी पद्माकडं वळले. राग आवरला नाही. “आणि चार्टवर टिका कसल्या केल्यास गं? सहाच्या सहा? स्ट्रिपा कशा रिकाम्या येत होत्या?”

ती आत गेली आणि स्टीलची एक डबी घेऊन आली. झाकण उघडलं. आत सुट्या गोळ्या, काठोकाठ. स्ट्रिपांमधनं काढून ठेवलेल्या, तिन्ही ताकदीच्या एकत्र. एखाद्या पोरानं गोळी-बिस्किट म्हणून तोंडात टाकल्या असत्या तर काय झालं असतं?

“तुमीच म्हनालतासा,” पद्मा रडवेली झाली होती. “पयल्या दिवशी. एक टिक जरी चुकलेली दिसली तर गोळ्या बंद करीन म्हनालतासा. आत्तीस्नी दोन गोळ्यांनी तरी जरा बरं वाटतंय. त्या बी बंद झाल्या तर? म्हणून मी टिका करत गेलो.”

मी म्हटलं होतं. शब्द न् शब्द म्हटलं होतं. सगळ्यांनाच म्हणते मी, धाक राहावा म्हणून. ह्या गोळ्या बाहेर जाऊ नयेत, कायदा कडक आहे, म्हणून पहिल्याच भेटीत दम देऊन ठेवायचा ही माझी पद्धत. तिला मी समजावणं म्हणत होते. दीड तास मीच बोलले होते. त्या घरानं काय सांगावं ह्याला जागाच ठेवली नव्हती.

“आक्का, तुम्ही तरी सांगायचं.”

“कुनी इचारलं न्हाय,” आक्का म्हणाल्या. रागानं नाही, सरळ. “तुमी शिकलेली मानसं. मी म्हटलं, नेम मोडा म्हनशीला, मग मला न्हाय म्हनावं लागंल. तुमी एवढ्या लांबनं येतासा.”

पॅच तसाच हातात होता. मी तो पाकिटासकट पिशवीत टाकला आणि अंगणात जाऊन सरांना फोन लावला.

“लावला का?”

“नाही सर. पेशंट सहातल्या दोनच गोळ्या घेते.”

“चार्टवर तर सगळ्या टिक आहेत.”

“टिका सुनेनं केल्यात. माझ्या भीतीनं. बाईंचं व्रत आहे, दिवसातून दोनदाच तोंड उघडतात.”

पलीकडं सुस्कारा. “मग व्रत सोडायला सांगा ना. औषधाला कसलं आलंय व्रत? पेशंट एज्युकेशन म्हणजे हेच, सिस्टर. समजावा त्यांना.”

तिथं माझा तोल गेला. उंटावरून शेळ्या हाकायच्या ह्यांनी आणि रानोमाळ पळायचं आम्ही. म्हटलं, “सर, आधी तुम्ही मला समजावा. तुमचा पॅच मी आत्ता लावला असता तर काय झालं असतं?”

गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. शरीराला ज्याची सवय, त्याच्या तिप्पट औषध. पॅचचं औषध चढायला बारा तास लागतात. म्हणजे मी घरी पोचून जेवून झोपल्यावर ते चढायला लागलं असतं. श्वास हळूहळू मंदावत गेला असता. पॅच काढून टाकला तरी कातडीत मुरलेलं औषध बराच वेळ रक्तात उतरत राहतं. आणि घरातल्यांनी धावपळ केली नसती. ते म्हणाले असते, चला, आज आत्तींना झोप लागली.

“तुम्ही केस घेताना विचारलं नव्हतंत का?” सर शेवटी म्हणाले.

“केसपेपरवर लिहिलंय सर. धर्म, जैन. माझ्याच अक्षरात आहे, आणि खाली तुमची सही.”

जरा वेळानं सर वेगळ्या आवाजात म्हणाले, “खरोखर पोटात किती जातंय ते नक्की विचारून घ्या. त्यावर परत हिशेब करतो. आणि पॅच त्यांना चालेल का, तेही विचारा.”

हा प्रश्न दोन महिन्यांत पहिल्यांदा आमच्या दवाखान्यातून त्या घरात जात होता.

मी आत येऊन आक्कांच्या शेजारी जमिनीवर बसले. ह्या वेळी दम नाही, पत्रक नाही. म्हटलं, “आक्का, कातडीवर लावायची पट्टी आहे. पोटात काही जात नाही. तुमच्या नेमाला चालेल?”

त्यांनी बराच वेळ विचार केला. “पायाला तेल लावतोच की. तसंच म्हनायचं. लाव. पर सिस्टर, मला भूल नको.”

“भूल नाही.”

“न्हाय, ऐक. दुखनं सोसलं की कर्म झडतंय म्हनत्यात आमच्यात. झडत असंल. पर मी हौस म्हनून सोसत न्हाय. पहाटे वाटतंय, आता जीव जाऊदे. फकस्त जाताना शुद्ध पायजे. नवकार मंत्र तोंडात पायजे आनि नेम मोडलेला नको. त्या दोन गोष्टी सोडून काय बी कर.”

ह्या बाईला जगातल्या दोनच गोष्टींचं अगत्य होतं. आम्ही तिची शुद्ध घालवायला निघालो होतो, आणि ती उरली असतीच तर नेम मोडायला लावणार होतो. सगळं तिच्या भल्यासाठी, आमच्या मते.

दुसऱ्या दिवशी परत गेले, सगळ्यांत लहान पॅच घेऊन. सकाळी नऊला लावला आणि संध्याकाळी आक्कांचं जेवण होऊन ऊन जाईपर्यंत तिथंच बसून राहिले, दर तासाला श्वास मोजत. पद्माला पहाटेसाठी श्वास मोजायला शिकवलं. आणि सांगितलं, खोटी टिक केलीस तर काही बंद होणार नाही, पण खरं सांगितलंस तरच मला कळेल. ती मान हलवत होती, पण विश्वास बसलेला दिसत नव्हता. दम एका मिनिटात बसतो, तो उतरवायला महिना लागतो. डबी मी मोजून ताब्यात घेतली आणि दवाखान्यात रजिस्टरला जमा केली.

तिसऱ्या दिवशी भरतेशचा फोन. “पहाटे धापैकी तीन, सिस्टर. आईनंच सांगितलं, तीन. उठून बसली हुती.”

मला आनंद झाला आणि त्याच्याहून जास्त राग आला. दोन महिने. साठ पहाटा त्या बाईनं फुकट भोगल्या होत्या, कारण जेवता कधी एवढं विचारायला कुणाला सुचलं नाही.

आता दवाखान्यातलं ऐका. असं काही घडलं की त्याचा रिपोर्ट लिहावा लागतो. रिपोर्ट तयार होऊन माझ्यापुढं सहीला आला. कारणाच्या रकान्यात टाइप केलं होतं: पेशंटच्या नातेवाइकांनी चुकीची माहिती दिली.

मी सही केली नाही. मेट्रननं केबिनमध्ये बोलावलं. “कशाला वाढवताय? काही झालं तर नाही ना.”

“झालं नाही ते तिच्या डोळ्याच्या बाहुलीमुळं. आमच्यामुळं नाही.”

“मग काय लिहायचं?”

“लिहा, विचारलं नाही. आणि लिहा, नर्सनं दम दिला म्हणून घरच्यांनी खोटं लिहिलं. माझं नाव घालून लिहा.”

“तुमच्यावर मेमो येईल.”

“येऊ दे. सरांचंही नाव घाला म्हणजे झालं.”

चार दिवस कागद टेबलावर पडून राहिला. पाचव्या दिवशी सरांनीच तो मागवला, ते वाक्य खोडलं, पेनानं दोन ओळी लिहिल्या, स्वतःचं नाव आधी घातलं, मग माझं. मेमो दोघांना आला. मी तो घरात फ्रिजवर लावला होता, नवऱ्यानं पाहुणे यायच्या दिवशी काढून ठेवला.

आक्का त्यानंतर चार महिने होत्या. पॅच एकदाच वाढवावा लागला, तोही विचारून, मोजून. गेल्या त्या सकाळी, सूर्य वर आल्यावर. पद्मानं फोन केला. रडत होती, तरी एकेक गोष्ट नीट सांगत होती. पहाटे उठून बसल्या, माझ्या खांद्याला टेकल्या, माझ्याबरोबर नवकार म्हटला, श्वास मी मोजत होतो सिस्टर, तुम्ही शिकवलासा तसा, मग मोजायला राहिला न्हाय.

दुखणं कसं सोसू नये हे लोकांना शिकवायला मी नऊ वर्षं गावोगाव फिरले. तुम्ही कुणी ह्या धंद्यात असाल तर एवढंच सांगते, दार उघडलं की आधी गप्प बसा आणि त्या घरात चूल कधी पेटते ते विचारा. ह्याला पदवी लागत नाही. पदवी असलेल्या आम्हां दोघांना ते सुचायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने आक्कांच्या अंगातनं गेले.